तीन पंचायतींची मिळून एक टाकी: खर्च कसा वाटून घ्यावा? (डिचोली–दोडामार्ग सीमाभाग)

वरचावाडा_डिचोली

नमस्कार. दोडामार्गच्या हद्दीला लागून डिचोली तालुक्यात आमचा गाव आहे. मी तिथली पंच (पंचायत सदस्य) आहे आणि पाणी समितीवरही आहे. शेजारच्या दोन पंचायतींशी बोलणी चालू आहेत, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. कुणाला वाईट वाटायला नको.

आमच्याकडे घरोघरी नळ आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा 'हर घर जल' प्रमाणित झालेलं पहिलं राज्य ठरलं, तेव्हा आमच्या ग्रामसभेनेही ठराव घेतला होता. तो ठराव खोटा नव्हता, नळ खरोखरच आले. पण शिगमा आटोपला की वरच्या वाड्यावरच्या नळातून दिवसा नुसती हवा येते. खाली देवळाकडे बादली भरून वाहते आणि वर मध्यरात्रीनंतर करंगळीएवढी धार. वाड्यावरच्या एका घरी अंगणात नळाच्या खांबापाशी कमरेएवढा खड्डा खणलाय. नळ कापून त्या खड्ड्यात खाली घेतलाय, कारण तेवढं खाली घेतलं की थोडं तरी पाणी पडतं. घरातल्या काकू सत्तरीच्या पुढच्या आहेत. दोन पायऱ्या उतरून कळशी भरायची आणि ती कडेवर घेऊन वर यायचं, हा त्यांचा पहाटेचा क्रम. ज्यांना परवडतं त्यांनी लाईनीला थेट मोटर लावलीय, त्यामुळे शेजारच्या घरात उरलीसुरली धारही जाते. यावरून वाड्यावर भांडणं झाली आहेत, सख्ख्या जावा एकमेकींशी बोलत नाहीत.

आता मुद्द्याचं. आमची लाईन एकट्या आमच्या गावाची नाही. ती आधी दोन पंचायतींतून येते आणि आम्ही सगळ्यात शेवटी. त्या दोन्ही गावांतही उंचावर एकेक वाडा आहे आणि तिथेही हीच रड. तिन्ही गावांच्या मधोमध एक सडा (उंचावरचं सपाट कातळरान) आहे, तिन्ही वरचे वाडे त्याच्या उतारावर खाली बसलेत. तिथे एक टाकी झाली तर तिन्ही वाड्यांना उताराने पाणी जाईल. ही कल्पना माझी नाही, आमच्या जुन्या लाईनमनची. तिन्ही सरपंचांना ती पटलीय. सड्यावरची जागा कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची आहे.

अडलंय ते खर्चावर. मोठी पंचायत म्हणते, सरळ तीन वाटे करा. मधली म्हणते, घरांच्या संख्येवर करा. आमचा गाव लहान. पहिल्या हिशोबात आम्ही मरतो आणि दुसऱ्या हिशोबात मोठी पंचायत उठून जाते. टाकी बांधायला कुठून ना कुठून पैसे मिळतील असं सगळेच म्हणतात, पण कुठून आणि कुठल्या शीर्षाखाली, हे कुणी नीट सांगत नाही.

आणखी एक गोष्ट. हद्दीच्या पलीकडे, महाराष्ट्रात, एक वाडी आहे. आमच्यातल्या निम्म्या घरांची तिथे सोयरीक. त्या वाडीच्या वर एक झर आहे, ती मे महिन्यातही आटत नाही. यंदा मे महिन्यात आम्ही घड्याळ लावून बघितलं: २० लिटरचा डबा भरायला ४० सेकंद. वाडीवरचे लोक म्हणतात, आम्हालाही टाकीत घ्या, झरीचं काही पाणी आम्ही देऊ. दोन राज्यांतली गावं अशी एकत्र येऊ शकतात का?

'खात्याकडे अर्ज करा आणि वाट बघा' एवढंच कृपा करून सांगू नका. अर्ज केलेले आहेत. ज्यांनी असं काम प्रत्यक्ष केलंय किंवा जवळून पाहिलंय, त्यांच्याकडून ऐकायचंय.

---

निवृत्त_पाणीवाला

ताई, माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, म्हणून थोडं लांबण लावून लिहितो.

टाकीचा नकाशा काढायच्या आधी दाब मोजा. हार्डवेअरच्या दुकानात नळाला बसणारा प्रेशर गेज मिळतो, महाग नसतो. लाईन पहिल्या गावात शिरते तिथे, मधल्या गावात आणि तुमच्या वरच्या वाड्याच्या पायथ्याशी, असं तीन जागी सकाळी सहाला, दुपारी आणि मध्यरात्री मोजून वहीत लिहा. दर १० मीटर चढाला साधारण १ किलो दाब खर्च होतो. सडा पायथ्यापासून ४० मीटर उंच असेल आणि पायथ्याला रात्री दोन किलोच दाब असेल, तर पाणी आपणहून सड्यावर चढणार नाही. मग खाली संप (जमिनीतली टाकी), संपावर पंप, आणि पंप म्हणजे वीजबिल. हे वीजबिल हाच तुमच्या सगळ्या भांडणाचा गाभा ठरणार आहे, ते पुढे सांगतो.

तुमच्या मजकुरात एक चांगली गोष्ट दिसली. मध्यरात्रीनंतर पाणी येतं, म्हणजे तेव्हा लाईनीत पाणी असतं आणि भरणारा कुणी नसतो. ते संपात साठवा आणि पहाटे वर चढवा. तिन्ही वरच्या वाड्यांची मिळून समजा ८०० माणसं आहेत. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे ४४,००० लिटर. ५०,००० लिटरची टाकी पुरते. उगाच दोन लाख लिटरची बांधू नका. मोठी टाकी भरत नाही, तळाशी गाळ धरते आणि क्लोरीन उडून जातो. शेवटच्या नळाला क्लोरीन लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे. गावागावांत बायकांना पाणी तपासणीची पेटी दिली होती, ती तुमच्या पंचायतीत कपाटात पडली असेल तर बाहेर काढा.

झरीचा हिशोब: ४० सेकंदांत २० लिटर म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर, दिवसाला ४३,२०० लिटर. म्हणजे तुमच्या तिन्ही वाड्यांची जवळजवळ सगळी गरज त्या एका झरीत आहे. पण म्हणून ती सगळी उचलायची नसते. खाली कुणाचं तरी कुळागर (माडा-पोफळीची बाग) तिच्यावर जगत असणार.

आता पैसे. पंधराव्या वित्त आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६ पर्यंतचा होता. त्यातला पंचायतींना मिळणारा ६० टक्के निधी बांधील होता. त्यातला निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, आणि निम्मा स्वच्छतेसाठी. तुमच्या तिन्ही पंचायतींचे हे वाटे एकत्र केले तरी कदाचित टाकी होणार नाही, पण सुरुवातीचा पाया होईल. गोव्यात तालुका पंचायत नाही, ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत असे दोनच स्तर आहेत, आणि या निधीत जिल्हा पंचायतीचाही वाटा असतो. एकाहून जास्त पंचायतींना लागणारं काम त्यांच्याकडे मागायला चांगलं कारण आहे. तुमच्या जिल्हा पंचायत सदस्याला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या, शेवटी सही मागायला जाऊ नका.

दुसरं दार बरेच जण विसरतात. तुम्ही डिचोलीत आहात, म्हणजे खाणपट्ट्याच्या जवळ. २०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठान झालं. खाणवाले रॉयल्टीच्या प्रमाणात त्यात पैसे भरतात. त्या पैशातला मोठा भाग अग्रक्रमाच्या कामांवरच खर्च करायचा असतो, आधी किमान ६० टक्के होता, २०२४ च्या सुधारित सूचनांनंतर किमान ७० टक्के. त्या कामांत पिण्याचं पाणी आहे. तुमचा गाव खाणबाधित क्षेत्रात येतो का ते आधी बघा. येत असेल तर तिन्ही पंचायतींनी एकच प्रस्ताव द्या, वेगवेगळे तीन देऊ नका. अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात.

जलजीवनकडे जाताना भाषा जपून वापरा. तुमचा गाव कागदावर पूर्ण झालाय. 'नळ द्या' म्हटलंत तर फाईल परत येईल. 'लाईनीच्या टोकाला दाब नाही, साठवण नाही' असं लिहा. मिशन २०२८ पर्यंत वाढवल्याचं २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालं, आणि त्यात भर कामाच्या दर्जावर आणि देखभालीवर आहे. गोव्यासारख्या राज्यासाठी केंद्र-राज्य वाटा निम्मानिम्मा. गावातल्या अंतर्गत कामाच्या खर्चाचे १० टक्के लोकवर्गणी म्हणून अपेक्षित असतात, डोंगराळ, जंगलातल्या किंवा अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत ५ टक्के. गावाबाहेरून येणाऱ्या मोठ्या लाईनीला ही वर्गणी लागत नाही.

हे झालं बांधायचं. आता चालवायचं. ताई, टाकीला पैसे मिळतात, टाकी चालवायला कुणी देत नाही. माझ्या नोकरीत दोन पंचायतींची एक सामाईक योजना मी बंद पडताना बघितली. तालुका सांगत नाही. टाकी उत्तम बांधलेली, पंप चांगला. पहिली दोन वर्षं ठीक गेली. मग एका पंचायतीत मंडळ बदललं आणि नव्या लोकांनी विचारलं, हा करार आम्ही कुठे केला? बिल थकलं, वीज तोडली, आणि ज्या पंचायतीने वेळेवर भरलं होतं तिचंही पाणी गेलं. पावसात स्टार्टरचं पॅनल गंजून गेलं. टाकी अजून उभी आहे. लोक टँकरच्या रांगेत.

म्हणून वाटणी आधी ठरवा, टाकी मागाहून. माझं मत असं. खर्चाचे दोन भाग पाडा. व्हॉल्व उघडणाऱ्याचा पगार, टाकी धुणं, पंपाची देखभाल हा खर्च पाणी कितीही वापरलं तरी होतोच. तो वरच्या वाड्यांतल्या घरांच्या संख्येवर वाटा. सगळ्या गावाची घरं धरू नका, ज्या घरांना टाकीचं पाणी मिळणार तेवढीच धरा. मोठ्या पंचायतीची तक्रार इथे निम्मी कमी होईल, कारण तिचा मोठेपणा खालच्या वाड्यांत आहे. वीजबिल मात्र पाण्यावर वाटा. टाकीतून निघणाऱ्या तिन्ही लाईनींवर एकेक बल्क मीटर, महिन्याच्या एक तारखेला तिन्ही समित्यांची एकेक बाई तिथे हजर, आकडा तिघींच्या वहीत आणि तिघींची सही. ज्याने जितकं पाणी घेतलं त्याने तितकी वीज भरायची.

हे काही नवीन नाही. तिलारी धरण हा गोवा आणि महाराष्ट्राचा संयुक्त प्रकल्प, करार १९९० चा. त्यात गोव्याचा वाटा ७३.३० टक्के आणि महाराष्ट्राचा २६.७० टक्के, पाणीही त्या प्रमाणात आणि खर्चही त्या प्रमाणात. दोन राज्यांना जमलं ते तीन पंचायतींना जमेल.

आणि संयुक्त खात्यात तीन महिन्यांच्या बिलाएवढी रक्कम प्रत्येकीने आगाऊ ठेवायची. ती खाली गेली की पुढच्या महिन्यात भरून काढायची. थकबाकी झाली तर त्या गावाचा व्हॉल्व दिवसाआड उघडायचा, हे करारात स्पष्ट लिहा. कठोर वाटेल, पण एकासाठी तिघांची वीज तुटण्यापेक्षा बरं.

---

तिलारीकाठ

मी दोडामार्ग तालुक्यातला. वरच्या काकांचं लिहिणं अभ्यासाचं आहे, पण तिलारीबद्दल एक गोष्ट सुटली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

पाणी ७३ आणि २७, खर्च ७३ आणि २७, हे बरोबर. पण बुडालं ते सगळं एका बाजूला. आयनोडे, सरगवे, पाल, पाट्ये, केंद्रे, शिरंगे ही गावं उठली ती आमच्या बाजूची. देवळं, कुळागरं, मसणवट्या सगळं पाण्याखाली. नोकरीचं आश्वासन होतं, त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं आंदोलनं करत राहिली आणि शेवटी एकरकमी पैशावर प्रश्न मिटवला गेला. ही किंमत कुठल्या टक्केवारीत धरली होती? तुमच्या तीन पंचायतींचा करार छोटा आहे, पण त्यातही कुणाचं तरी काहीतरी जाणार. ते पहिल्या पानावर लिहा.

ताई, तुम्ही म्हणता ती वाडी बहुतेक मला माहीत आहे. नाव मीही घेत नाही. त्या झरीचं पाणी थंडीपासून मे अखेरपर्यंत खालच्या माडा-पोफळीला पाळीने जातं. कुणाची सोमवारची रात्र, कुणाची मंगळवारची, हे आज्यापणज्यापासून ठरलेलं आहे. पाळी चुकली की पोफळ मान टाकते आणि ती पुन्हा उभी राहायला वर्षं लागतात. वाडीवरचे 'काही पाणी देऊ' म्हणाले असतील तर मनापासून म्हणाले असतील. पण जे म्हणाले त्यांचीच पाळी आहे की दुसऱ्याची, ते विचारा. आमच्याकडे मुंबईला राहणाऱ्या भावाचाही झरीवर हक्क असतो आणि तो गणपतीला आला की आठवण करून देतो. सातबारा बघा, झरीची जमीन सामाईक असेल तर खातेदारांची यादी लांबलचक निघेल.

तुम्हाला पाणी मार्च ते मे मध्ये हवं. आम्हालाही तेव्हाच हवं. म्हणून झर वाटून घेण्याच्या आधी ती वाढवायचं काम दोघांनी मिळून करू. झरीच्या वरचा डोंगर हद्दीच्या दोन्ही बाजूंना उतरतो. वर समपातळीत चर मारले, काजूसाठी सगळं झाडोरं साफ करायचं थांबवलं, तर पाणी मुरतं. तुमच्या बाजूचे चर तुमची पंचायत मारेल, आमच्या बाजूचे आमची. कुणाचाही पैसा हद्द ओलांडत नाही. दोन पावसाळे गेल्यावर पुन्हा त्याच डब्याने मोजा. पाणी वाढलं तर वाढलेल्यातलं द्यायला कुणी नाही म्हणणार नाही.

आणखी एक. तिलारीचा कालवा फुटला की आमच्या शेतात पाणी आणि माती घुसते, आणि तुमच्याकडे उत्तर गोव्यात नळ कोरडे पडतात. दोघांचं नुकसान एकाच वेळी होतं, पण आम्ही एकमेकांना ओळखतही नाही. कालव्याकाठच्या आमच्या गावांचे आणि तुमच्या पाणी समित्यांचे फोन नंबर एका ग्रुपवर असले तर भिंतीतून पाणी झिरपायला लागल्याचं तुम्हाला त्याच दिवशी कळेल. आम्ही गुरं घेऊन रोज तिथून जातो. याला पैसा लागत नाही, आणि आमच्या घरातलं माणूस आजारी पडलं की आम्ही गोव्यात बांबोळीच्या इस्पितळातच धावतो, तेव्हा हद्द कुणी विचारत नाही.

---

पंचायत_सचिव_उगो

थोडक्यात आणि कागदापुरतं.

गोव्यातल्या पंचायतीला वित्त आयोगाचा पैसा महाराष्ट्राच्या हद्दीत खर्च करता येणार नाही. लेखापरीक्षणात आक्षेप निघेल आणि तो सरपंचाच्या नि सचिवाच्या गळ्यात पडेल. वरच्या भावांनी सुचवलेली पद्धत, ज्याने त्याने आपापल्या हद्दीत काम करायचं, हीच सुरक्षित.

तिन्ही पंचायतींच्या ठरावाचा मजकूर शब्दशः एकच असू द्या. तारीख वेगळी चालेल, आकडे आणि अटी वेगळ्या चालणार नाहीत. काम तिन्ही पंचायतींच्या विकास आराखड्यात आलं पाहिजे आणि ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढलं पाहिजे. एकीच्या आराखड्यात राहिलं तर तिचा वाटा अडकतो.

आताची बहुतेक मंडळं ऑगस्ट २०२२ मध्ये निवडून आलेली, त्यांची मुदत २०२७ पर्यंत. नव्या मंडळाने 'आम्ही केला नाही' म्हणू नये असं वाटत असेल तर करार नुसता मंडळाच्या ठरावावर ठेवू नका, तिन्ही ग्रामसभांपुढे वाचून मंजूर करून घ्या आणि इतिवृत्तात पूर्ण मजकूर उतरवा.

जागेचं आधी बघा. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा) कोमुनिदाद असेल तर तिच्या सभेची संमती आणि प्रशासकाची मंजुरी लागेल. तोंडी 'हो' वर खांब रोवू नका.

---

सत्तरीकार

सचिवांनी हद्दीचं सांगितलं, मी खोऱ्याचं सांगतो. ती झर कुठल्या खोऱ्यात उतरते ते नकाशावर बघून घ्या. तिलारीच्या बाजूला उतरत असेल तर एक गोष्ट. पण विर्डीकडून येऊन साखळीला जाणाऱ्या वाळवंटीच्या बाजूला उतरत असेल तर ती म्हादईच्या खोऱ्यात येते. तिथे लवादाचा १४ ऑगस्ट २०१८ चा निवाडा आहे: गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. तो निवाडा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि २०२३ मध्ये केंद्राने म्हादईसाठी 'प्रवाह' प्राधिकरणही नेमलं. अर्ध्या लिटरच्या झरीसाठी कुणी दिल्लीहून येणार नाही हे मला कळतं. पण म्हादईसाठी आम्ही सत्तरीत इतकी वर्षं ओरडतोय की एका खोऱ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवू नका. तेच आपण डब्याच्या मापाने करू नये एवढंच म्हणणं. तुमचे वाडे आणि झर एकाच खोऱ्यात असतील तर माझी काहीच हरकत नाही.

---

वरचावाडा_डिचोली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री घरी सगळं वाचून दाखवलं, आणि आज सकाळी इतर दोन समित्यांच्या बायकांनाही पाठवलं.

सत्तरीकार भाऊ, आमचा वाडा आणि ती झर एकाच ओहोळाला मिळतात. तो ओहोळ पुढे कुठे जातो ते मी नकाशावर खात्री करून घेईन.

तिलारीकाठ भाऊ, तुम्ही लिहिलेलं वाचून माझी सासू बराच वेळ बोलली. तिचं माहेर तुमच्याच तालुक्यातलं. झरीचं पाणी टाकीत घ्यायचा विषय मी आत्ता बाजूला ठेवते. आधी चर. पंचायतीने पावसाआधी माणसं लावली तर आमच्या बाजूचं काम होईल, तुमच्या बाजूला वाडीवर कोण पुढे होईल ते कळवा. पाळीचं वेळापत्रक कुणाला तोंडपाठ असेल तर ते लिहून घ्यायला मी स्वतः येईन. उद्या कुणी म्हणू नये की गोव्याच्या पंचायतीने पोफळीचं पाणी पळवलं. आणि पलीकडच्या वाडीला टाकीत घेता आलं नाही तरी टँकर बंद असेल तेव्हा आमच्या हद्दीतल्या नळावर त्यांनी येऊन भरावं, हे मी ठरावात घालायला सांगणार आहे. पाण्याला आलेल्या माणसाला गाव विचारायचं नसतं.

पाणीवाले काका, खर्चाचे दोन भाग पाडायचं तुमचं सांगणं मला पूर्ण पटलं. नुसत्या वरच्या वाड्यातली घरं धरायची, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. मोठ्या पंचायतीच्या उपसरपंचांना फोनवर सांगितलं, ते गप्प झाले आणि मग म्हणाले, बैठकीत मांडा. हे त्यांच्याकडून पुष्कळ आहे. थकबाकी झाली तर दिवसाआड व्हॉल्व, या अटीवर मात्र माझं मन धजत नाही. बिल पंचायत थकवणार आणि कळशी रिकामी राहणार ती त्या खड्ड्यात उतरणाऱ्या काकूंची. त्याऐवजी थकवणाऱ्या पंचायतीचं नाव आणि रक्कम तिन्ही ग्रामसभांत वाचून दाखवायची, आणि आगाऊ रक्कम तीनऐवजी सहा महिन्यांची ठेवायची, असं मी मांडणार आहे. पैसे जास्त अडकतील हे मला दिसतं. तरी पाणी तोडायचं नाही, यावर मी ठाम आहे.

गेज मागवलाय. एक विचारायचं राहिलं: बल्क मीटर कुठे आणि कसा बसवायचा? खालच्या लाईनीवर एक मीटर मागे बसवला होता, तो सहा महिन्यांत अडकला, आणि आकड्यावर कुणाचा विश्वास राहिला नाही.

---

निवृत्त_पाणीवाला

सहा महिन्यांची आगाऊ रक्कम असेल तर व्हॉल्वची अट मी मागे घेतो. फक्त ती रक्कम मुदत ठेवीत अडकवू नका, बचत खात्यात ठेवा आणि सही तिन्ही समित्यांच्या अध्यक्षांची.

मीटर बहुतेक कचऱ्याने अडकला असेल. प्रत्येक मीटरच्या आधी गाळणी बसवा आणि पहिले काही महिने ती दर आठवड्याला उघडून धुवा, नव्या लाईनीतून वाळू नि वेल्डिंगची खपली येत राहते. मीटर वळणाला किंवा व्हॉल्वला चिकटून बसवू नका. आधी पाईपच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ पाईप हवा, म्हणजे ८० मिमीच्या लाईनीला आधी ८० आणि नंतर ४० सेंटिमीटर. पाईप नेहमी भरलेला राहील अशा खोलगट जागी घ्या, चढाच्या टोकावर घेतलात तर हवाही पाणी म्हणून मोजली जाईल. मीटरला बायपास ठेवू नका, कुणीतरी तो उघडतंच. चेंबरला कुलूप, आणि चाव्या तिन्ही गावांत एकेक. चेंबरच्या तळाला निचऱ्याचा पाईप द्यायला विसरू नका, नाहीतर जुलैत मीटर पाण्याखाली जाईल आणि काच आतून धुरकट होऊन आकडा वाचता येणार नाही.

दाबाचे आकडे आले की इथेच टाका. संपाची आणि पंपाची मापं मी काढून देतो.